दोन पावांमधला माणूस

काही माणसांचं नशीब मोठं विचित्र असतं. नाव रोज लाखो लोकांच्या तोंडी, पण त्या नावामागे एक हाडामांसाचा माणूस होता हे कोणाच्या गावीही नसतं. एखाद्या गोष्टीवर 'बॉयकॉट' टाकताना आयर्लंडमधल्या जमीनदाराचा कारभारी असलेला कॅप्टन बॉयकॉट कोणाला आठवत नाही. थंडीत कार्डिगन चढवताना त्या नावाचा सरदार आठवत नाही. आणि कोपऱ्यावरच्या गाडीपाशी उभं राहून "एक व्हेज ग्रिल, चटणी जरा जास्त" असं सांगताना अठराव्या शतकातला इंग्लंडचा आरमारमंत्री तर अजिबातच आठवत नाही!

आज त्याच्याबद्दल लिहायचंय. जॉन माँटेग्यू, सँडविचचा चौथा अर्ल. जन्म १७१८, मृत्यू १७९२. आमच्या घरातल्या बच्चेकंपनीला "सँडविच हा खरंच एक माणूस होता" असं सांगितलं की ती खो खो हसते. मग नेहमीची गोष्ट येते. एक सरदार जुगार खेळत बसला होता, जेवायला उठायची त्याची तयारी नव्हती, म्हणून त्याने दोन पावांमध्ये मांस घालून आणायला सांगितलं, वगैरे वगैरे. बहुतेकांना हा माणूस एवढाच माहीत असतो. मलाही एवढाच माहीत होता. पण गेले काही महिने त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो तसं लक्षात आलं, की या गोष्टीत न मावणारं बरंच काही उरतं. त्यातलं काही त्याच्या बाजूचं आहे, काही त्याच्या विरुद्ध. आणि एक गोष्ट तर त्याची नाहीच, एका बाईची आहे. ती शेवटी सांगतो.

आधी नावाबद्दल. सँडविच हे केंट परगण्यातलं समुद्राजवळचं एक जुनं गाव. १६६० साली दुसऱ्या चार्ल्सला परदेशातून आणून गादीवर बसवण्यात एडवर्ड माँटेग्यू नावाच्या आरमारी सेनापतीचा मोठा हात होता. बक्षीस म्हणून त्याला अर्ल केलं गेलं, आणि अर्ल म्हटला की कुठल्यातरी गावाचा हवा. आधी पोर्ट्समथ ठरलं होतं म्हणतात, मग सँडविच झालं. ते बदललं नसतं तर आज आपण 'टोस्ट पोर्ट्समथ' खात असतो!

या पहिल्या अर्लचा आणि आपल्या मुंबईचा एक खराखुरा धागा आहे. चार्ल्सचं लग्न पोर्तुगालच्या कॅथरीनशी ठरलं आणि १६६१ च्या तहात मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांना मिळालं, हे आपण शाळेत शिकलोय. त्या नवरीला लिस्बनहून इंग्लंडला घेऊन येणाऱ्या आरमाराचा प्रमुख म्हणजे हाच एडवर्ड माँटेग्यू. म्हणजे खापरपणजोबा मुंबईच्या वरातीतला मानकरी, आणि खापरपणतवाच्या नावाचा खाऊ मुंबईच्या फुटपाथवर. बटाटा, बीट, काकडी आणि हिरवी चटणी घातलेला तो प्रकार बिचाऱ्याने कधी चाखला नाही, ते सोडा.

आता जॉनकडे येऊ. वडील तो तीन-चार वर्षांचा असतानाच गेले. १७२९ मध्ये आजोबा वारले आणि अवघ्या दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर अर्लपद आलं. हंटिंग्डनजवळ हिंचिंगब्रुक नावाचा वाडा होता, पण बड्या घराण्यांच्या मानाने पैसा बेताचाच. ईटन, केंब्रिज असं रीतसर शिक्षण झालं. त्या काळातली श्रीमंतांची पोरं शिक्षण संपलं की युरोपात फिरून यायची. हा गडी १७३८-३९ मध्ये जहाज घेऊन ग्रीस, तुर्कस्तान आणि थेट इजिप्तपर्यंत जाऊन आला. येताना प्राचीन वस्तू आणल्या, आणि एक कोरीव लेख असलेला संगमरवरी दगड आपल्या कॉलेजला दिला. त्या प्रवासाचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७९९ मध्ये छापलं गेलं. क्रिकेटचाही तो शौकीन होता. आता बोला!

राजकारणात तो ड्यूक ऑफ बेडफर्डच्या वळचणीला राहून वर आला. पैसा नसलेल्या सरदाराला दुसरा मार्ग नव्हता. १७४८ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी तो ॲडमिरल्टीचा पहिला लॉर्ड, म्हणजे आरमाराचा मंत्री झाला. या पदावर एकूण तीन वेळा बसला: १७४८ ते ५१, मग १७६३ मध्ये काही महिने, आणि सगळ्यात लांबलचक १७७१ ते १७८२. मधल्या काळात परराष्ट्र व्यवहार सांभाळणारा सेक्रेटरी ऑफ स्टेटही होता.

मंत्री म्हणून तो काय करायचा? तर कंटाळवाणी कामं. १७४९ मध्ये तो स्वतः उठून सरकारी गोद्यांची तपासणी करत फिरला. कामगार किती, काम किती, चोरी किती, लाकूड कुठे कुजतंय, हे बघत. पुढे १७७१ नंतर हे दौरे त्याने नेमाने केले. ओल्या लाकडाची जहाजं काही वर्षांत सडतात, म्हणून लाकडाचा साठा वाढवायचा आणि ते नीट वाळवूनच वापरायचं, यावर त्याने भर दिला. अमेरिकेशी युद्ध सुरू असताना चार्ल्स मिडल्टन या अधिकाऱ्याच्या आग्रहावरून जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकण्याचा प्रचंड खर्चाचा निर्णय त्याने उचलून धरला. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, शिवाय शेवाळ आणि शिंपले चिकटून जहाज जड होतं. तांब्यामुळे दोन्ही टळतं, जहाज वेगाने चालतं आणि गोदीत कमी वेळा आणावं लागतं. तांब्यामुळे लोखंडी खिळे गंजण्याची नवी डोकेदुखी निर्माण झाली, तो भाग वेगळा. पण यात गोष्ट सांगण्यासारखं काय आहे? नातवंडांना कोण सांगणार, की एक होता मंत्री आणि तो लाकूड वाळवायचा?

आता त्या प्रसिद्ध गोष्टीचा पुरावा बघू. ग्रोस्ले नावाचा एक फ्रेंच गृहस्थ १७६५ मध्ये लंडनला आला आणि १७७० मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. त्यात त्याने लिहिलं, की एक मंत्री चोवीस तास जुगाराच्या टेबलावर बसून होता आणि भाजलेल्या पावात मांस घालून खात होता. त्यावरून या पदार्थाला त्या मंत्र्याचं नाव पडलं. बस्स. एका पाहुण्याने ऐकलेली गावगप्पा, एवढाच आधार. शब्द मात्र त्याआधीचा आहे. इतिहासकार एडवर्ड गिबनच्या रोजनिशीत नोव्हेंबर १७६२ मध्येच तो येतो, क्लबात लोक सँडविच खात बसलेत म्हणून. सँडविचचे चरित्रकार एन. ए. एम. रॉजर यांनी १९९३ च्या पुस्तकात वेगळाच तर्क मांडलाय. त्या काळी पोटभर जेवण एकदाच, दुपारी चारच्या सुमारास असे, आणि हा माणूस पहाटेपासून कागदपत्रांत बुडालेला असे. तेव्हा पाव-मांस मागवलं असेलच तर जुगारापेक्षा कामाच्या टेबलावर मागवलं असण्याचा संभव जास्त. मला हे पटतं. आणि तसंही, भाकरीवर झुणका घेऊन बांधावर बसणाऱ्या आपल्या माणसाच्या नावाने पदार्थ होत नाही, कारण त्याच्याकडे बघायला फ्रेंच पाहुणा आलेला नसतो!

मग त्याची बदनामी इतकी का झाली? याचं उत्तर बरंचसं त्याच्या स्वतःच्याच करणीत आहे. जॉन विल्क्स नावाचा एक बिनधास्त खासदार आणि पत्रकार सरकारच्या डोळ्यात सलत होता. विल्क्स आणि सँडविच एकेकाळी एकाच चैनी मित्रमंडळातले, खाण्यापिण्यातले आणि नको त्या उद्योगांतलेही सोबती. विल्क्सजवळ एक अश्लील विडंबनकाव्य होतं, ते त्याने खासगीत थोड्या प्रती छापण्यापुरतं काढलं होतं. सरकारने त्याची प्रत मिळवली, आणि १५ नोव्हेंबर १७६३ रोजी सँडविचने लॉर्डांच्या सभागृहात उभं राहून ते स्वतः वाचून दाखवलं, विल्क्सची नीतिमत्ता किती ढासळलीय हे सिद्ध करायला! लोकांनी कपाळाला हात लावला. थोड्याच दिवसांत लंडनमध्ये 'बेगर्स ऑपेरा' हे लोकप्रिय नाटक चालू असताना, जेमी ट्विचर हा साथीदार आपल्या सरदाराला दगा देतो त्या जागी प्रेक्षकांना सँडविच आठवला आणि थिएटर दणाणलं. त्या दिवसापासून तो जन्मभर 'जेमी ट्विचर' झाला. मित्राचं खासगीतलं चव्हाट्यावर मांडणाऱ्याला लोक माफ करत नाहीत, आणि का करावं?

मग अमेरिका. मार्च १७७५ मध्ये त्याने सभागृहात अमेरिकन लोकांची भित्रे म्हणून खिल्ली उडवली. महिन्याभरातच युद्ध पेटलं. १७७८ मध्ये फ्रान्स, १७७९ मध्ये स्पेन, १७८० मध्ये हॉलंड अशी एकेक आरमारं विरोधात उतरली. इकडे आपल्याकडेही जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला नाक मुठीत धरून तह करायला लावला होता. पृथ्वीच्या सगळ्या कोपऱ्यांत जहाजं हवीत, आणि ती तेवढी नाहीत, अशी त्याची अवस्था. पैसा आधी सोडला असता तर जहाजं आधी तयार झाली असती, पण पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ खर्चाला बिचकत होते. सँडविच पत्रांतून सांगत राहिला. पण राजीनामा देऊन बाहेर पडला नाही. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज फौज शरण आली आणि मार्च १७८२ मध्ये सरकार गेलं. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १२ एप्रिलला, वेस्ट इंडीजमध्ये ॲडमिरल रॉडनीने फ्रेंच आरमाराचा मोठा पराभव केला. रॉडनीला नेमणारा सँडविच, तांब्याच्या बुडाची जहाजं सँडविचच्या कारकिर्दीतली. बातमी आली तेव्हा खुर्चीत दुसराच कोणी होता.

एक बाब मात्र मला त्याला माफ करता येत नाही. ग्रीनिच इथे जखमी आणि म्हाताऱ्या खलाशांसाठी एक मोठा आश्रम होता. तिथला अधिकारी कॅप्टन थॉमस बेली याने तिथले गैरप्रकार लेखी उघड केले. खलाशांच्या तोंडचा घास काढला जातोय, जागा राजकीय मर्जीतल्या लोकांना वाटल्या जातायत, अशी ती तक्रार. शिक्षा झाली ती बेलीलाच, नोकरी गेली. वर त्याच्यावर बदनामीचा खटला! त्या खटल्यात थॉमस अर्स्किन नावाच्या अगदी नवख्या वकिलाने सँडविचचं नाव भर कोर्टात घेऊन हल्ला चढवला, आणि बेली सुटला. कामसू माणूससुद्धा खुर्चीच्या हिशेबात किती निबर होतो, याचा हा नमुना.

आणि तरीही हाच माणूस जेम्स कुकच्या पाठीशी उभा होता. कुकची दुसरी आणि तिसरी सफर याच्या काळात, याच्या पाठबळावर निघाली. ताहितीजवळच्या बेटांवरून १७७४ मध्ये ओमाई नावाचा तरुण इंग्लंडला आला, तेव्हा तोही हिंचिंगब्रुकला पाहुणचार घेऊन गेला. कुकने कृतज्ञतेने दक्षिण अटलांटिकमधल्या बर्फाळ बेटांना सँडविचचं नाव दिलं, आणि १७७८ मध्ये हवाई बेटांनाही. हवाईच्या लोकांनी हे नाव पुढे टाकून दिलं, त्यांचं स्वतःचं होतंच की! दक्षिणेकडच्या बेटांवर मात्र ते अजून आहे. तिथे वस्ती नाही, त्यामुळे कोणी हरकत घेतली नसावी.

त्याला संगीताचंही वेड होतं. हिंचिंगब्रुकला हँडलच्या रचनांचे मोठे कार्यक्रम व्हायचे आणि त्यात हा आरमारमंत्री स्वतः नगारे वाजवायचा! १७८४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत हँडलच्या स्मरणार्थ पाचशेहून अधिक कलावंतांचा जो प्रचंड सोहळा झाला, त्याच्या पुढाकारात तो होता. आणि याच संगीतातून आपण त्या बाईपाशी येतो.

मार्था रे. गरीब घरातली, शिवणटिपण आणि टोप्या बनवण्याचं काम शिकणारी मुलगी. गळा सुरेख. सँडविचची बायको डोरोथी मानसिक आजाराने ग्रासलेली होती. १७५५ मध्ये ते वेगळे झाले, पण वेडाच्या कारणावरून घटस्फोट त्या काळी मिळत नसे. १७६० नंतरच्या एक-दोन वर्षांत मार्था त्याच्याकडे राहायला आली. त्याने तिला शिकवलं, गाण्याची उत्तम तालीम दिली. पुढची सतरा-अठरा वर्षं ती त्याच्या घरात राहिली, त्याच्या मुलांची आई झाली. पण वाड्यावरच्या मैफलीत ती गायची तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्या बायकांनी तिच्याशी बोलायचं नाही, असा तो शिष्टाचार! तिच्या पुढच्या आयुष्याची पक्की तजवीज त्याने केली नव्हती, असंही तेव्हा बोललं जायचं.

१७७५ च्या सुमारास जेम्स हॅकमन नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी हिंचिंगब्रुकला जेवायला आला आणि तिच्या मागे लागला. तिने लग्नाला नकार दिला. त्याने सैन्य सोडलं, धर्मगुरू झाला, पण ते काही डोक्यातून गेलं नाही. ७ एप्रिल १७७९ च्या रात्री ती मैत्रिणीबरोबर कोव्हेंट गार्डनला नाटक बघायला गेली होती. बाहेर पडून गाडीत चढत असताना हॅकमनने तिच्या कपाळात गोळी घातली. दुसऱ्या पिस्तुलाने स्वतःला मारायला गेला, ते साधलं नाही. १६ तारखेला खटला, १९ ला टायबर्नला फाशी. बारा दिवसांत सगळं आटोपलं.

पण खरं वाचण्यासारखं आहे ते पुढचं. लंडन हळहळलं ते हॅकमनसाठी! देखणा, तरुण, प्रेमात वेडा झालेला. जॉन्सनचा चरित्रकार बॉझवेल खटल्याला हजर होता, त्यालाही त्याची कणव आली. पुढच्याच वर्षी हर्बर्ट क्रॉफ्टने 'लव्ह अँड मॅडनेस' नावाचं पुस्तक काढलं, त्यात हॅकमन आणि मार्थाची म्हणून प्रेमपत्रं होती. सगळी रचलेली. पुस्तक धडाक्यात खपलं. म्हणजे जिने नकार दिला, तिच्या तोंडी मेल्यानंतर होकार घातला गेला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत 'एकतर्फी प्रेमातून' असा मथळा वाचला, की मला आता हेच आठवतं. त्या मथळ्यातही मारणाऱ्याचं प्रेम असतं, मरणारीचं काहीच नसतं.

आणि सँडविच? जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, आरमारातल्या भांडणावरून चिडलेला जमाव ॲडमिरल्टीवर चालून आला होता आणि तो मार्थाला घेऊन बागेतून पळाला, असं होरेस वॉलपोलने चवीने लिहून ठेवलंय. ७ एप्रिलच्या रात्री तो ॲडमिरल्टीतल्या घरी तिची वाट बघत होता. त्या महिन्यात लॉर्डांच्या सभागृहात त्याला पदावरून काढण्याचा ठराव आला. तो फेटाळला गेला. मग पुन्हा जहाजं, लाकूड, तांबं. तिच्याबद्दल चारचौघांत शोक करायचाही त्याला हक्क नव्हता, कारण ती त्याची कोणी 'लागत' नव्हती. तो हक्क तिला जिवंतपणी देणं निदान थोडंफार त्याच्या हातात होतं, असं मात्र मला राहून राहून वाटतं.

त्यांचा एक मुलगा बेझिल माँटेग्यू. आई गेली तेव्हा आठ वर्षांचा. मोठा होऊन वकील झाला, फ्रान्सिस बेकनच्या ग्रंथांचं संपादन केलं, कवी वर्ड्सवर्थचा मित्र झाला. वर्ड्सवर्थने १७९८ च्या 'द थॉर्न' या कवितेतल्या दुःखी बाईला चक्क 'मार्था रे' हे नाव दिलं. मित्राच्या आईचं नाव! पण बेझिलचं दुसरं काम मला जास्त मोठं वाटतं. १८०९ मध्ये त्याने फाशीच्या शिक्षेबद्दलची निरनिराळ्या विचारवंतांची मतं गोळा करून पुस्तक काढलं, आणि ही शिक्षा कमी व्हावी म्हणून तो झटत राहिला. ज्याच्या आईच्या खुन्याला बारा दिवसांत लटकवलं गेलं, त्या मुलाने हे केलं. वडिलांच्या नावाचं खाणं जगाला माहीत आहे, या मुलाचं काम माहीत नाही.

इतकी पदं भोगूनही इतकं थोडं काम केलेला माणूस विरळा, असं एक वाक्य सँडविचबद्दल नेहमी सांगितलं जातं. जुन्या इतिहासकारांनी त्याच्या शत्रूंची पत्रं वाचून इतिहास लिहिला, आणि शत्रू चांगलं लिहिणारे होते. हे सगळं वाचून तो मला थोर वाटू लागला असं नाही. विल्क्सशी दगाबाजी केली ती केलीच, बेलीवर अन्याय झाला तो झालाच. पण आपण माणसं लक्षात ठेवतो ती एका वाक्यात, आणि ते वाक्य बहुधा ज्याची लेखणी धारदार त्याचं असतं. आपल्याच घराण्यातल्या 'तापट' आजोबांचं किंवा 'कजाग' आत्याबाईंचं ते एक वाक्य पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं, हे एकदा विचारून बघा. नातेवाईक मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी रागावू नये. कोणा एकाला उद्देशून नाही!

२००४ मध्ये त्याच्या वंशजांनी अमेरिकेत, फ्लोरिडामध्ये सँडविचचं दुकान काढलं, 'अर्ल ऑफ सँडविच' नावानेच. ज्या अमेरिकेपायी त्याची खुर्ची गेली, तिथेच त्याच्या नावाचा धंदा उभा राहिला. यावर तो हसला असता असं मला वाटतं; विनोदबुद्धी त्याच्यापाशी होती म्हणतात. मार्था रेच्या नावाचं दुकान कुठे नाही. तिची आठवण ठेवायची तर तिचं नाव घेऊनच ठेवावी लागते, म्हणून इथे घेतलं.